गाठ दाखवायची रीत

‘पिवळी झाली भिंत, पिवळा झाला गं उंबरा,
नवरीच्या हातामंदी, उन्हाचा गं गजरा…’

माझ्या थोरल्या बहिणीच्या हळदीला हौसाने ही ओवी उचलली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि ती चौदाची. जात्याभोवतीच्या बायका कुजबुज सोडून गप्प झाल्या. आवाज बारीक होता, पण कापरा नव्हता. रिकाम्या कळशीत एकेक थेंब पडावा तसा शब्द न् शब्द वेगळा ऐकू यायचा. ओवी संपली तरी जात्याच्या खुंट्याला कुणी हात लावला नाही. माझी आई म्हणाली, “पोरी, तुझ्या गळ्यात कुणी चांदणं पेरलंय का गं?”

हौसा म्हणाली, “न्हाई काकी, घसा कोरडा पडलाय. पानी द्या.”

तो आवाज माझ्या कानात कितीतरी वर्षं होता. म्हणूनच एक्याऐंशी सालच्या चैत्रात, भर दुपारी, तपासणीच्या खोलीतल्या पडद्यामागून एक जाड, घोगरा, बाप्याचा आवाज आला, “यमे, मी हौसा,” तेव्हा मी पडदा न सारताच म्हणाले, “बाप्यांना इथं तपासत नाहीत. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जा.”

“यमे, मी हौसा हाय गं. तुमच्या घरासमोरची.”

मी पडदा सारला.

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टर रेगेबाईंचा बायकांचा दवाखाना होता, वीस खाटांचा. मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर. तेवीस वर्षांची. हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. बाकावर पदराने तोंड गुंडाळून जी बसली होती तिला मी लगेच ओळखलं असं म्हणणार नाही. डोळे ओळखले. बाकी काही ओळखण्याजोगं राहिलं नव्हतं. गालांवर खुंट होते आणि खुंटांमधून वस्तऱ्याचे कापे. कपाळावरचे केस बाप्याला टक्कल पडतं तसे मागे हटलेले. चोळी सैल झाली होती, दंड मात्र गच्च. मी तिचा पदर खांद्यावरून उतरवला आणि माझा हात तिथेच थांबला. पाठ नांगरल्यासारखी झाली होती. जुन्या वळांवर नवे वळ, आणि दोन्ही दंडांवर तापल्या विळ्याच्या डागण्या, चार-चार बोटांच्या अंतरावर.

“कुणी मारलं हिला?”

शेजारी तिची सासू बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “हिला कोन मारंल? हिच्यातल्याला मारलंय.”

“म्हणजे?”

“मुंजा शिरलाय हिच्यात. पिंपळाखालचा. मुंज झाली आन लगीन व्हायच्या आत मेलं ते पोरगं, ते. दोन साल झाली. पाळी गेली, मिशी फुटली, आवाज फिरला. आता बाईच्या अंगाला मिशी फुटती का, तूच सांग. देवऋषी म्हनला, मारल्याबिगार त्यो निघायचा न्हाई. माझा धोंडी दर अमुशाला मारतोय, पन लई चिवट हाय त्यो.”

“मग आज इथं कशाला आणलं?”

सासूने पदर सावरला. “पोटात घट्ट लागाय लागलंय. म्हनलं, मुंजानं पोर ठिवलं की काय.”

रेगेबाईंनी हौसाला टेबलावर घेतलं. त्यांचा हात तिच्या ओटीपोटावर उजवीकडे थांबला, दाबून फिरला, पुन्हा थांबला. हात धुता धुता त्या मला म्हणाल्या, “मोसंबीएवढी आहे. यमुना, हे पुस्तकात वाचलं होतं मी. डोळ्यांनी आज बघतेय.”

मग त्या हौसाच्या उशाशी बसल्या. बाईंची एक सवय होती. पेशंट अडाणी असो की मास्तरीण, त्या सगळं सांगायच्या. “हे बघ, बायकांना गाठी होतात. त्यातल्या बहुतेक पिशवीच्या, साध्या. आठवड्याला दोन-तीन काढते मी. तुझी तसली नाही. तुझी अंडाशयाची आहे, हजारांत एखादीला होते. ही गाठ पुरुषाच्या अंगातला रस गाळते, म्हणून मिशी, म्हणून आवाज. भूत नाही, काही नाही. काढली की पाळी येईल, केस हळूहळू कमी होतील.”

“आन आवाज?”

बाईंनी तिच्या गळ्यावर बोट ठेवलं. “आवाज परत यायचा नाही. गळ्याच्या तारा जाड झाल्या त्या झाल्या.”

हौसाने माझ्याकडे बघितलं. मी खाली. नऊ वर्षं झाली होती तिच्या लग्नाला, पाळणा हलला नव्हता.

“प्वार?” तिने विचारलं.

“गाठ एकाच बाजूची असली आणि आतून गरीब, म्हणजे कॅन्सरची नाही अशी निघाली, तर दुसरं अंडाशय मी ठेवीन. मग होईल.”

“मग आवाज ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं,” हौसा म्हणाली, “मला प्वार द्या.”

धोंडी दुसऱ्या दिवशी आला. लाकूडतोड्या माणूस, दारात मान वाकवून आत शिरावं लागणारा. वॉर्डात पाऊल टाकलं ते थेट हौसाच्या खाटेशी. तिच्या तोंडावर असा हात मारला की ती खाटेवरून पलीकडे पडली आणि सलाइनचा स्टँड तिच्या अंगावर. बाळंतिणी ओरडल्या. “घरातनं बाहेर काढलंस व्हय रं हिला, मला न इचारता,” तो तिच्याकडे बघून बोलत होता, पण तिच्याशी नाही. तो तिला ‘रं’ म्हणत होता.

आमचा वॉर्डमन बाबालाल पन्नाशीचा, अंगाने काटकुळा. त्याने मागून धोंडीच्या मनगटाला मिठी मारली, तशी त्याच्यासकट तो हात वर गेला आणि बाबालाल भिंतीवर आदळला. तरी सोडलं नाही त्याने. “मारो, मुझे मारो,” म्हणत लटकत राहिला. मग रेगेबाई मधे उभ्या राहिल्या. त्यांची उंची धोंडीच्या कोपरापर्यंत.

“अंगठा उठव इथे,” त्या कागद पुढे धरून म्हणाल्या. “हिच्या पोटात गाठ आहे. उद्या काढते. नाही काढली तर मरेल. आणि पुन्हा हात उचललास तर फौजदाराला बोलावीन.”

“गाठ हाय?” धोंडी म्हणाला. धाप लागली होती त्याला. “मग मला दावा.”

“दाखवणारच आहे. सगळ्यांना दाखवते.”

ती त्या दवाखान्याची रीतच होती. ऑपरेशन झालं की काढलेली गाठ पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर न्यायची आणि नातेवाइकांना दाखवायची, म्हणजे ‘नुसतं चिरून शिवलं’ असं पुढे कुणी म्हणू नये. ट्रे न्यायचं काम माझं. मला ते आवडायचं. लोक बाकावरून उठायचे, टोपी काढायचे, कुणी हात जोडायचं. मीही चार शब्द बोलायचे. पिशवीच्या गाठी असल्या की, “घ्या, बटाट्याचं पोतं निघालं.” एखादीचा नवरा फारच ऐटीत असला की, “बघा, एवढं ओझं घेऊन भाकऱ्या थापत होती. तुम्हाला झेपलं असतं?” बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बाई आतून म्हणायच्या, “यमुना, जीभ आवर.” पण त्याही हसायच्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ऑपरेशनं होती. पहिलं एका मास्तरणीचं, साध्या गाठींचं. सात गाठी निघाल्या. दाखवून आले. मग हौसा.

भूल चढायच्या आधी मी तिची पाठ पुसून घेतली. स्पिरिट लागलं तशी ती दात खाऊन म्हणाली, “यमे, हळू. ही पाठ मुंजाची न्हाई, माझी हाय.”

ईथरच्या वासात पोट उघडलं. रक्त आलं ते भरभरून. एक धार बाईंच्या चष्म्यावर उडाली. त्या म्हणाल्या, “पूस,” आणि हात न काढता मान पुढे केली. आत आतड्यांवर काळपट डाग होते, बाहेरच्या लाथांचे. त्यांच्याखाली, आपल्या देठावर, गाठ बसली होती. गुळगुळीत, पिवळी, मधे मधे लाल शिरा. दिसायला इतकी देखणी की मला राग आला. बाईंनी देठाला चिमटे लावले, कापलं, बांधलं. गाठ सबंध निघाली, कुठे फुटली नाही. मग त्यांनी डावीकडचं अंडाशय बोटांवर घेतलं. सोललेल्या बदामासारखं पांढरं.

“सुरेख आहे,” बाई मास्कमधून म्हणाल्या. “ठेवू हे. पिशवीपण ठेवू.” आणि शिवायला घेता घेता, “यमुना, ही दाखव आणि लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाक. उद्या मिरजेला तपासायला जायला हवी. आतून गरीब आहे की वाईट, ते तिथेच कळेल. हातात रिपोर्ट असला की मी हिला निर्धास्त घरी पाठवीन.”

मी ट्रे घेऊन व्हरांड्यात गेले. धोंडी एकटाच होता, सासू चहाला गेली होती.

पुढचं फार पटकन झालं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत आले.

गाठ त्याच्या मुठीत होती आणि तो अंगणातल्या हापशाकडे पळत होता. मी ओरडत मागे. हापशाच्या कट्ट्यावर त्याने ती आपटली, शेजारचा कपडे धुवायचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि घातला. एकदा. पुन्हा. पिवळं, तांबडं त्याच्या तोंडावर उडत होतं आणि तो थांबत नव्हता. मी दगडाखाली हात घातला. ते शौर्य नव्हतं. निदान बोटभर तुकडा मिळावा, एवढंच डोक्यात होतं. दगड माझ्या बोटांवर आला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, कळ नंतर आली. धोंडीने माझ्याकडे बघितलंही नाही. भांडी उकळायच्या स्टोव्हजवळ रॉकेलचा डबा होता, तो उपडा केला, काडी ओढली. कट्टा पेटला, त्याचं धोतर पेटलं. बाबालालने त्याच्यावर पोतं टाकलं तर तो पोत्याखालून बाबालालचा गळा धरत होता. बाहेरचे चार बाप्ये धावून आले तेव्हा कुठे तो खाली गेला. गुडघ्याखाली त्यांनी त्याला दाबलं, तोंडावर लाथा घातल्या. तो ओठ फुटलेल्या तोंडाने म्हणत राहिला, “मेला. मुंजा मेला. आता सोडा तिला.”

रेगेबाई रक्ताळल्या गाऊनमध्येच बाहेर आल्या. कट्ट्यापाशी बसून त्यांनी चिमट्याने राख उकरली. बराच वेळ उकरली.

“काय झालं?”

“हिसकावली त्याने,” मी म्हणाले.

“तू काही बोललीस त्याला?”

“नाही बाई.”

फौजदारालाही मी तेच सांगितलं. धोंडीला आठ महिन्यांची कैद झाली.

हौसाला बाईंनी घरी सोडलं नाही. ती वॉर्डातच राहिली, टाके निघाले, वळ सुकले. हळूहळू ती वॉर्डाची झाली. बाळंतिणींची पोरं मांडीवर घेऊन बसायची. त्या घोगऱ्या आवाजाने पोरं आधी दचकायची, मग टक लावून बघत राहायची. एकदा एका पोराची आजी म्हणाली, “तुझ्या आवाजानं आमचं पोरगं गप बसतंय बघ, त्याला आजा वाटतोयस.” हौसा म्हणाली, “वाटंना का. फुकटचा नातू.”

सव्विसाव्या दिवशी तिने मला न्हाणीघरातून हाक मारली. माझा मोडका हात गळ्यात अडकवलेला, तशीच धावले, वाटलं टाका सुटला. ती भिंतीला धरून उभी होती आणि हसत होती.

“यमे, मला कावळा शिवला.”

दोन वर्षांनी पाळी आली होती. मी तिला एका हाताने धरलं. तिचे डोळे वाहत होते आणि गळ्यातून ते बाप्याचं, खदखदून हसू येत होतं. वॉर्डातल्या बायकांना कळलं तेव्हा एकीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, न्हातीधुतीला लावतात तसं, आणि माझ्या ट्रंकेतली हिरवी काकणं काढून तिच्या हातात भरली.

त्याच आठवड्यात मुंबईचं पत्र आलं. रेगेबाईंनी आपल्या गुरूंना लिहिलं होतं. उत्तर दोन परिच्छेदांचं होतं. नमुना नाही, तेव्हा गाठ कोणत्या जातीची हे सांगता येत नाही. या गाठींतल्या काही फार वाईट असतात. पेशंट दर तीन महिन्यांनी तपासणीला येईल अशी खात्री असती तर थांबता आलं असतं. खेड्यातली बाई, नवरा असा. सगळं काढलेलं बरं.

बाईंनी ते पत्र तीन दिवस खिशात ठेवलं. चौथ्या दिवशी हौसापाशी बसल्या आणि नेहमीसारखं सगळं सांगितलं.

“म्हंजी प्वार न्हाई,” हौसा म्हणाली.

“नाही.”

“आन न काढलं तर?”

“कदाचित काही होणार नाही. कदाचित वर्षभरात जाशील. मला माहीत नाही, हौसा. ते सांगणारी वस्तू जळाली.”

हौसाने हातातली काकणं एकेक करून मागे सारली. “तुमी माझ्या जागी असता तर?”

रेगेबाई त्या दिवशी पहिल्यांदा पेशंटपासून तोंड फिरवून बोलल्या. “जगायला बघितलं असतं.”

दुसऱ्या ऑपरेशनला मी थिएटरमध्ये होते. हात प्लास्टरमध्ये, म्हणून नुसती भिंतीशी उभी. पिशवी गेली, ते बदामासारखं पांढरं गेलं. या खेपेला सगळं आधी बाटलीत गेलं. ट्रे कपाटात राहिला आणि त्या दवाखान्यात तो पुन्हा कधी निघाला नाही. तीन आठवड्यांनी मिरजेहून रिपोर्ट आला. काढलेलं सगळं निरोगी होतं. कुठेही, काहीही नव्हतं. बाईंनी कागद वाचला, मला वाचायला दिला आणि हात धुवायला गेल्या. हात स्वच्छच होते.

पुढे हौसा सासरी गेली नाही, माहेरीही नाही. बाईंच्या ओळखीने एका गावच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. सव्विसाव्या वर्षी तिला पन्नाशीच्या बाईसारख्या वाफा यायच्या. चुलीपुढून उठून ती पौषातल्या गारठ्यातही अंगणात जाऊन उभी राहायची. मिशी विरळ झाली. आवाज तोच राहिला. गाणं तिने पुन्हा म्हटलं नाही. मी दर वर्षी जायचे. साडी न्यायचे, चष्मा करून दिला, दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ती म्हणायची, “बहीन असती तर एवढं केलं नसतं.” मी विषय बदलायचे. एकतीस वर्षं मी विषय बदलत आले.

गेल्या मार्गशीर्षात गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या पायरीवर घेवडा निवडत बसली होती. मी समोर बसून शिरा काढायला लागले. आतून एका पोरीने विचारलं, “आजोबा, भाकरीचं पीठ किती घेऊ?” आणि हौसाने सांगितलं, “तुझ्या डोक्याएवढं. म्हंजी जरा कमीच.” पोरी हसल्या.

मग ती म्हणाली, “धोंडी गेला. पंधरा दिस झालं.”

“कळवलं कुणी?”

“त्याचा पुतन्या आला व्हता. म्हनं, शेवटाला माझं नाव घेत व्हता. मी काय रडले न्हाई.” तिने एक शेंग मोडली. “यमे, एक इचारू? तुला म्हनून.”

“विचार की.”

“आपरेशनच्या दिशी, पहाटं, तुमी कुनी नव्हता तवा त्यो खाटंपाशी आलता. मी डोळं मिटून घेतलं, म्हनलं आता मारतोय. तर त्यानं माझ्या पायावर डोसकं ठिवलं. धोंडीनं. म्हनला, हौसे, रातभर मला झोप न्हाई. डॉक्टरीन म्हनती ती गाठच निघाली, तर मी माझं हात तोडून टाकीन. तुला परत बोट लावनार न्हाई. आन खरं बोलत व्हता त्यो. नऊ वर्सं नांदले मी, मला त्याचं खरं-खोटं कळायचं.” तिने शेंगा बाजूला ठेवल्या. “मग दुपारपर्यंत काय फिरलं त्याचं? कुनी फिरवलं? तुरुंगातनं सुटल्यावर त्यो तोंड दावाय आला न्हाई, न्हाई तर त्यालाच इचारलं असतं. आता त्योबी गेला. त्या वक्ताला तितं दोगंच व्हता. त्यो आन तू.”

माझी मोडलेली बोटं थंडीत वळत नाहीत. शिरा काढता येईना. आत पोरी ताटं मांडत होत्या.

“तो बाकावरून उठला होता,” मी म्हणाले. “हात जोडून. त्याने ट्रेकडे बघितलंसुद्धा नव्हतं, माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, ‘सिस्टर, गाठच हाय न्हवं? तुमी सांगाल ते खरं.’ हौसा, मी नुकतीच तुझी पाठ पुसून आले होते. मला त्याला सोडायचं नव्हतं. मी ट्रे त्याच्या तोंडापाशी नेला आणि म्हणाले, ‘गाठ कसली रे? हा बघ तुझा मुंजा. हात लाव, अजून कोमट आहे.’”